बडोद्यात करून मिळणारा बॅटलेथ: अ‍ॅल्युमिनियमचा घ्या, प्रिंटचा नको

'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेतल्या क्लिंगॉन या परग्रहावरच्या लढवय्यांची खूण म्हणजे बॅटलेथ हे हत्यार. चंद्रकोरीसारखं पातं, दोन्ही बाजूंना दोन-दोन अशा चार अण्या आणि पाठीच्या बोथट कडेला मुठी. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा लेझर कटिंगवाला तो ऑर्डरप्रमाणे करून देतो: 6 मिमी अ‍ॅल्युमिनियममध्ये 5,200 रुपयांना, थ्रीडी प्रिंटमध्ये 3,400 रुपयांना.

आधी अ‍ॅल्युमिनियमचा. मालिकेत प्रमाण बॅटलेथची लांबी 116 सेंमी आणि वजन 5.3 किलो सांगितलं आहे. इथला नग 115.5 सेंमी भरतो, वजन 1.8 किलो. याच आकाराची लोखंडी प्लेट घेतली तर वजन जवळपास तिप्पट, म्हणजे मालिकेतल्या आकड्याच्या आसपास जातं. पण पाच किलोचं हत्यार दहा मिनिटं फिरवून बघा, मनगट लगेच सांगेल. भिंतीसाठी लोखंड चालेल, हातात धरायला अ‍ॅल्युमिनियमच.

आकार तपासायची सोपी रीत: मोठ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने कड काढा, मग पातं उलटं करून त्याच रेषेवर ठेवा. दोन्ही अर्ध तंतोतंत जुळले पाहिजेत. या नगात फरक 1 मिमीच्याही आत होता, ही खरोखर मेहनतीची गोष्ट आहे. मधल्या मुठीखाली दोन बोटं धरून तोलही बघा. एक बाजू खाली जात असेल तर बहुतेक वेळा पात्याचा दोष नसतो, एका मुठीवर चामड्याची वादी जास्त गुंडाळलेली असते.

हा तोलच बॅटलेथचा आत्मा आहे. 1990 साली 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'च्या 'रियुनियन' भागात तो पहिल्यांदा दिसला. रचना डॅन करी यांची. ते व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम बघत आणि युद्धकलाही शिकलेले होते, त्यामुळे हे हत्यार नुसतं दिसायला भीषण नाही, ते खरंच फिरतं. दांडपट्ट्यात सगळा भार मुठीपुढच्या लांब पात्यात असतो. इथे तो दोन हातांच्या मधे राहतो, म्हणून मनगटाच्या वळणावर दिशा बदलता येते. ज्यांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरासारख्या आखाड्यात लाठी फिरवली आहे, त्यांना हे चटकन उमगेल.

खोट मुठीच्या खाचांमध्ये आहे. खाच 9.5 सेंमी लांब आहे. वादी गुंडाळल्यावर ती आणखी आवळते आणि मोठ्या पंज्याच्या माणसाची करंगळी कोपऱ्यात घासते. ऑर्डर देतानाच 11 सेंमी सांगा, हातमोजे घालणार असाल तर 12. मुठीची जाडी मालिकेत 5 सेंमी आहे, ती क्लिंगॉन हातासाठी ठीक! आपल्याला वादीसकट साडेतीन सेंमी पुरे. खाचेचे आतले कोपरे काटकोनात नकोत, गोल हवेत. ताण नेमका कोपऱ्यात साचतो आणि तडा तिथूनच जातो.

लेझरने कापलेल्या प्लेटच्या खालच्या कडेला बर, म्हणजे धातूची खरखरीत कोर, राहते. इथे ती नीट काढलेली नव्हती, बोट फिरवलं की ओरखडा. बारीक कानशीने कड मोडा, मग पाणी लावून 240, 400 आणि 600 नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने चालवा. गोल फिरवलात तर भोवरे उमटतात आणि ते शेवटपर्यंत जात नाहीत. धार मात्र लावू नका. सणासुदीला शहरात शस्त्रबंदीचे जाहीरनामे निघतात, बोथट असला तरी कापडी गवसणीतच न्या.

नाव कोरून देण्याची सोय आहे, पण तिथे घोळ होतो. कारागीर रोमनमध्ये टाइप करून क्लिंगॉन फॉन्ट लावतो. भाषातज्ज्ञ मार्क ओक्रांड यांनी बांधलेल्या क्लिंगॉन भाषेत लहान आणि मोठा 'क्यू' हे दोन वेगळे उच्चार आहेत, आणि 'टी', 'एल', 'एच' ही तीन रोमन अक्षरं मिळून एकच अक्षर होतं. सगळं कॅपिटलमध्ये पाठवलंत की भलतंच काहीतरी कोरलं जातं. 'बॅटलेथ' हे नाव 'मानाची तलवार' अशा अर्थाच्या दोन शब्दांचं, त्या दोन्हींत हे जोडअक्षर येतं. क्लिंगॉनांचा आद्य वीर कहलेस याने आपल्या केसांची बट क्रिस्ताक ज्वालामुखीच्या लाव्हात बुडवून, लुसोर सरोवरात विझवून हे हत्यार घडवलं अशी क्लिंगॉनांची कथा. त्याच्यावर चुकीचं अक्षर नको. अक्षरांचं चित्रच करून द्या.

प्रिंटचा नग घेऊ नये. प्रिंटरचा बेड (ज्यावर वस्तू छापली जाते ती पाटी) लहान, म्हणून पातं सहा तुकड्यांत येतं आणि दोन सांधे थेट मुठींच्या खाचांवर पडतात, जिथे रुंदी सगळ्यांत कमी आहे. शिवाय वापरलेलं प्लास्टिक पीएलए आहे, ते 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीच्या मागच्या काचेखाली ठेवलात तर टोकं लोंबतात.

टांगायचा असेल तर दोन हुक टोकांजवळ नको, बाहेरच्या मुठींखाली घ्या. दांडिया बाजाराकडच्या जुन्या घरांच्या चुन्याच्या भिंतीत छोटा प्लग फिरतो. 8 मिमीचा प्लग विटेत निदान 50 मिमी आत गेला पाहिजे, विटांमधल्या सांध्यात नाही.