"घरी सांगू नका" म्हणणारा वैद्य

हे लिहायच्या आधी मिस्टरांना विचारलंय. ते म्हणाले लिही, फक्त नाव घालू नको. म्हणून नाव नाही. आम्ही बेळगावचे, शहापूर भागात राहतो, मिस्टर उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये आहेत, लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, थोरला पीयूसी सेकंड इयरला, म्हणजे बारावीला, आणि धाकटी हायस्कूलला. फोनवरून औषध विकणाऱ्या एका खोट्या वैद्यापायी आमच्या घरातून ८५ हजारांच्या वर पैसे गेले, त्यात भिशीचे सगळे आले जे थोरल्याच्या अॅडमिशनसाठी ठेवले होते, आणि मिस्टरांच्या जिवावर बेतायचं ते थोडक्यात वाचलं. विषय असा आहे की आपल्याकडं कोण तोंड उघडत नाही आणि त्यावरच हे लोक पोट भरतात, तेव्हा मी सगळं उघड लिहिणार आहे, कुणाला लाज वाटली तर वाटू दे.

विषय म्हणजे लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर नवराबायकोतली ती ओढ कमी होणं. आमच्यात भांडण नव्हतं, राग नव्हता, दारू नाही की काही नाही, नुसतं जवळ येणंच बंद झालं होतं. मिस्टरांना शुगर आणि बीपी दोन्ही, त्यात नाइट शिफ्ट, सकाळी घरी येऊन आंघोळ करून झोपायचे ते दुपारी उठायचे आणि त्या वेळेला मी कामात. दोन खोल्यांचं घर, बाहेर सासूबाई झोपणार, मुलं रात्री उशिरापर्यंत अभ्यास करणार. आणि माझंही वय पाळी मागंपुढं व्हायचं, रात्री घाम फुटायचा, जवळ आलो तरी दुखायचं, त्यामुळं खरं सांगायचं तर मलाही फार ओढ राहिली नव्हती. पण ते मी त्यांना कधी बोलले नाही आणि त्यांना काय वाटतंय ते ते मला बोलले नाहीत. ते समजत होते की आपल्यातच काहीतरी संपलंय आणि बायको आतून नाराज आहे. मी समजत होते की त्यांना आता मी आवडत नाही. एकाच अंथरुणावर झोपून दोघं दोन वेगवेगळ्या गोष्टी मनात धरून होतो.

अशात नाइट शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत त्यांना मोबाईलवर एक व्हिडिओ दिसला. पांढरा कोट घातलेला माणूस, मागं औषधांच्या बरण्या, "वैवाहिक जीवनात निराश आहात का, मोफत सल्ला" वगैरे. खाली नाव आणि नंबर भरायचा. यांनी भरला आणि थोड्याच वेळात फोन. आधी एक बाई हिंदीत बोलली, गाव विचारलं, बेळगाव म्हटल्यावर म्हणाली थांबा तुम्हाला मराठी डॉक्टर देते. आणि मग जो आला तो इतकं गोड मराठी बोलायचा की काय सांगू. "अहो बेळगावचे का तुम्ही, आमचे पाहुणे निपाणीला आहेत, आपलीच माणसं." तुम्ही आमच्या भागातले असाल तर हे तुम्हाला लगेच कळेल. इथं बोर्ड कानडी, ऑफिसातला अर्ज कानडी, कस्टमर केअरला फोन लावला तर हिंदी नाहीतर इंग्लिश, त्यामुळं समोरचा मराठीत बोलला की आपलं मन तिथंच मोकळं होतं, हा माणूस आपल्याला फसवणार नाही असं वाटतं. हे त्या लोकांना पक्कं माहीत आहे.

मिस्टरांच्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात म्हणून हे सगळं मी नंतर स्वतः ऐकलंय. पहिल्या कॉलमध्ये वय विचारलं, शुगर आहे का विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का विचारलं. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं तरी त्यानं पुढं जे पाठवायचं ते पाठवलं, हे मी कधी विसरणार नाही. आणि मग त्यानं विचारलं, "घरी मिसेसला माहीत आहे का तुम्ही फोन केलाय ते?" हे म्हणाले नाही. तर तो म्हणतो, "उत्तम. सांगूच नका. हे औषध गुप्त आहे, कुणाला सांगितलं की गुण येत नाही, हेच याचं पथ्य." आमच्याकडं काविळीच्या औषधापासून सगळ्याला जुनी माणसं असंच म्हणतात, सांगितलं की औषध लागू होत नाही, त्यामुळं यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. पण विचार करा, असं पथ्य कशाला लागतं? बायकोला कळलं तर ती विचारणार, डबी बघणार, भावाला दाखवणार, आणि धंदा तिथंच बंद पडणार. नंतरच्या प्रत्येक कॉलमध्ये, एकही सोडून नाही, तो हे विचारायचा की घरी काही बोलला नाहीत ना.

पहिलं पार्सल २४९९ रुपयांचं, घरी नको म्हणून कारखान्याच्या पत्त्यावर मागवलं, पैसे पार्सल घेताना. त्यात कॅप्सूल, एक तेल आणि पुड्या. डबीवर सिंहाचं चित्र आणि शंभर टक्के आयुर्वेदिक असं मोठ्या अक्षरात, पण बनवणाऱ्याचा पत्ता नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नंबर नाही. ते संपायच्या आधीच फोन, की तुमचा रिपोर्ट "सिनियर वैद्यांनी" बघितला. कसला रिपोर्ट ओ, रक्त कुणी घेतलं होतं? नस कमजोर आहे, आता मध्येच सोडलं तर कायमचं नुकसान होईल, दुसरा कोर्स लागेल. मग त्यात एक भस्म घालायचं, ते ग्रॅमवर, आणि किती ग्रॅम लागणार ते ही माणसं आधी सांगत नाहीत, पुडी बांधून झाल्यावर सांगतात. मग डिपॉझिट, कोर्स पूर्ण झाल्यावर परत मिळणार म्हणून. मग त्या डिपॉझिटवर जीएसटी. प्रत्येक वेळी आकडा वाढत गेला आणि प्रत्येक वेळी कारण एकच, आता इथपर्यंत आलाय तर एवढं करा. रस्त्याकडेला तंबू टाकून जडीबुटी विकणारे आणि बस स्टँडवर ओळख काढून "माझ्या मेव्हण्याला याच वैद्याकडं गुण आला" म्हणून दुकानात नेणारे यांचीही रीत हीच, तोळ्यावर ग्रॅमवर भाव सांगायचा आणि शेवटी बिल हातात ठेवायचं. आता ते फोनवर आलेत एवढंच.

मला घरात जे दिसत होतं ते वेगळंच. मिस्टरांचा चेहरा मध्येच लालबुंद व्हायचा, नाक चोंदायचं, डोकं ठणकायचं. मला वाटलं कारखान्यातली धूळ, सर्दी असणार, मी वाफ घ्यायला लावायचे, आलं घालून चहा द्यायचे. आणि एका संध्याकाळी शिफ्टला निघताना मोरीपाशी डोळ्यापुढं अंधारी येऊन खाली बसले ते उठेचनात. अंग गार, घामाघूम. शेजारच्या पोरानं गाडी काढली. दवाखान्यात बीपी बघितलं तर एकदम खाली. डॉक्टर सारखं विचारत होते काय घेतलंय, आणि हे माझ्याकडं बघून गप्प. शेवटी डॉक्टरांनी मला बाहेर थांबायला सांगितलं तेव्हा कुठं बोलले.

डॉक्टरांनी नंतर आम्हा दोघांना बसवून जे सांगितलं ते नीट वाचा. असल्या "आयुर्वेदिक" कॅप्सूलमध्ये पुष्कळदा सिल्डेनाफिल मिसळलेलं असतं, व्हायग्रा म्हणतात तेच औषध. डबीवर लिहिलेलं नसतं. चेहरा लाल होणं, नाक बंद होणं, डोकेदुखी, कधी सगळं निळसर दिसणं ही त्याचीच लक्षणं. खरं सिल्डेनाफिल डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं असतं आणि डोस माणूस बघून ठरतो. ज्यांना छातीत दुखतं म्हणून सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू आहे त्यांनी हे घेतलं तर बीपी इतकं पडतं की जीव जाऊ शकतो. यांना ती गोळी नव्हती म्हणून वाचले. आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. डॉक्टर म्हणाले हे औषध रक्त पुरवठ्याचं काम करतं, मनात इच्छा तयार करत नाही. म्हणजे ज्यासाठी यांनी घेतलं, ती ओढ, त्यावर ते औषधच नाही. इच्छाच होत नसताना गोळीवर गोळी घेऊन हे दर वेळी आणखी खचत होते, आणि तो फोनवर म्हणायचा बघा, तुमची केस अवघड आहे, डोस वाढवावा लागेल.

दवाखान्यातून घरी आल्यावर फोन बंद ठेवला तर दुसऱ्या नंबरवरून चालू. आता सूर बदललेला. कोर्स अर्धा सोडला तर वकिलाची नोटीस येईल, तुमचं सगळं बोलणं आमच्याकडं रेकॉर्ड आहे, मिसेसला आणि कारखान्यात पाठवू. तो फोन मी उचलला. मी म्हटलं मिसेसच बोलतेय, मला सगळं माहीत आहे, पाठवा कुणाला पाठवायचं ते. त्यानं फोन ठेवला. त्याच्या हातात एवढी एकच गोष्ट होती आणि ती गेली.

त्याच दिवशी १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभरचा नंबर आहे, पैसे गेल्यावर जितक्या लवकर लावाल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी बँकेला थांबवता येतात. शेवटी पाठवलेली रक्कम त्यामुळं अडकवता आली, आधीचे गेले ते गेले. मग सायबरचं पोलीस ठाणं, आपल्याकडं त्याला सीईएन म्हणतात. मिस्टरांना तिथं जायचंच नव्हतं, काय म्हणून सांगायचं म्हणत होते. मी सांगितलं औषधाच्या नावाखाली फसवणूक आणि धमकी, एवढंच सांगायचं, कशाचं औषध ते विचारलं तर तेही सांगायचं, चोरी त्यांनी केलीय. तक्रार कानडीत लिहून घेतली, पण तिथल्या बाई पोलिसांनी आम्हाला मराठीत वाचून दाखवली आणि मगच सही घेतली. तुम्हीही वाचून घेतल्याशिवाय सही करू नका, तारखा आणि रकमा जुळतात का बघा. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम आहे, धमकावून पैसे मागण्याला ३०८. यूपीआयचे स्क्रीनशॉट, पार्सलचं खोकं, त्यावरचं लेबल, उरलेल्या कॅप्सूल, काही टाकू नका. मी चिडून तेल मोरीत ओतायला निघाले होते, डॉक्टरांनी अडवलं म्हणून राहिलं. कोल्हापूरचा पत्ता त्या औषधवाल्यांनी दिला होता तिथं माझा भाऊ जाऊन आला, असला दवाखाना तिथं कधीच नव्हता.

आणि अशा जाहिरातीवर १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे हे किती जणांना माहीत आहे? ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, त्याच्या कलम ३ मध्ये लैंगिक सुखाची ताकद वाढवतो म्हणून औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. म्हणजे जाहिरात दिसली तिथंच ती बेकायदा आहे. मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, माझ्या सासूबाईंची सांधेदुखी आयुर्वेदाच्या डॉक्टरांनीच आटोक्यात आणली. पण ते डॉक्टर समोर बसतात, नाडी बघतात, डिग्री भिंतीवर आहे, कर्नाटकात खासगी दवाखान्याला लागते ती केपीएमईची नोंदणी आहे, आणि चिठ्ठी लिहून देतात. फोनवर भस्म विकत नाहीत.

आता खरं काय निघालं ते. मिस्टरांची तीन महिन्यांची शुगर, एचबीएवनसी म्हणतात ती, दहाच्या वर. शुगर अशी वाढलेली राहिली की नसा आणि रक्तवाहिन्या बिघडतात, पुरुषांचं हार्मोनही कमी होऊ शकतं. बीपीच्या काही गोळ्यांनी, मन उदास असेल तर त्याने, आणि कधी त्या उदासीच्या गोळ्यांनीसुद्धा इच्छा कमी होते. थायरॉईड तपासला, प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन तपासलं. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे ते पुरुषांचं हार्मोन, तपासायला रक्त सकाळी लवकर द्यायचं असतं आणि एका रिपोर्टवर ठरवत नाहीत, म्हणून डे शिफ्टच्या आठवड्यात परत दिलं. थोडं कमी आलं, पण इंजेक्शन वगैरे काही नको म्हणाले, आधी शुगर आणि झोप. यांनी साहेबांना सांगून नाइट कमी करून घेतली. मीसुद्धा बायकांच्या डॉक्टरांकडं गेले. पाळी जायच्या वयात इस्ट्रोजेन कमी होतं, जागा कोरडी होते म्हणून दुखतं, त्याला लावायचं क्रीम असतं. किती साधी गोष्ट, आणि मी सोसत होते. सगळ्या तपासण्या आणि औषधं मिळून जो खर्च झाला तो त्या भस्माच्या एका पुडीपेक्षा कमी होता.

नंतर मानसोपचाराच्या डॉक्टरांनी दोघांना एकत्र बोलावलं. त्यांनी सांगितलं काही आठवडे तुम्ही फक्त जवळ बसा, हात धरा, पाठ चोळा, पुढचं काही करायचंच नाही. मिस्टरांच्या चेहऱ्यावरचा ताण तिथंच उतरलेला मी बघितला, कारण परीक्षाच रद्द झाली. पहिल्यासारखं सगळं झालं असं मी म्हणणार नाही, वीस वर्षांपूर्वीसारखं होणारही नाही. पण आता आम्ही बोलतो. आज नको असेल तर नको म्हणतो आणि कुणी तोंड फिरवून झोपत नाही. बेळगावात सिव्हिलला जा, खासगीत जा, फिजिशियनकडं जाऊन सरळ सांगा, त्यांच्यासाठी हे रोजचं आहे. समोरासमोर जमत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, भाषा निवडता येते.

आणि एक अजून चालू आहे ते सांगून ठेवते. तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी एकाचा फोन आला, कन्झ्युमर कोर्टातून बोलतोय, तुमचे आयुर्वेदिक औषधाचे पैसे परत मंजूर झालेत, फक्त फाईलची फी भरा. आमचं नाव, रक्कम, सगळं त्याला माहीत होतं, म्हणजे तीच टोळी किंवा त्यांनी विकलेली यादी. असले फोन अजून अधूनमधून येतात, कधी वकील, कधी सायबर पोलीस म्हणून, आणि हल्ली तेही मराठीत बोलतात. पैसे परत द्यायला कोर्ट किंवा पोलीस फोनवर फी मागत नाहीत, १९३० ला तक्रार द्यायलाही एक रुपया लागत नाही. फसलेल्या माणसाला हे परत गाठतात, तेव्हा ज्यांचे आधीच गेलेत त्यांनी तर जास्तच सांभाळा, आणि असा फोन आला की नंबर लिहून घेऊन तुमच्या आधीच्या तक्रारीला जोडा.