पहिली आरसी कार घेताना टॉप स्पीड नको, सुटे भाग बघा

दिवाळीत लेकीसाठी घेतलेली आरसी कार, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी, आता मृगाच्या तोंडाशी येऊन पोचली आणि अजूनही ठणठणीत धावते आहे. दहा वर्षांच्या मुलीच्या हातात, तेही नागपूरच्या धुळीत आणि उन्हात टिकली, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहावंसं वाटलं. गाडी १:१६ मापाची (खऱ्या गाडीच्या सोळाव्या हिश्श्याएवढी), फोर व्हील ड्राइव्ह, ३९० आकाराची ब्रश्ड मोटर, ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी, ट्रिगरवाला २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट. किंमत आठ हजारांच्या आसपास. ब्रँडचं नाव लिहीत नाही. या साच्याच्या गाड्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात, त्यामुळे आत काय आहे ते बघणंच जास्त कामाचं.

सीताबर्डीत दीड-दोन हजारांत चकाचक रिमोट कार मिळतात. त्यातल्या बहुतेकांचं सगळं बटणावर चालतं: चाक एक तर सरळ, नाही तर पूर्ण वळलेलं, गाडी एक तर उभी, नाही तर सुसाट. आरसीमध्ये शिकण्यासारखं जे आहे ते या दोन टोकांच्या मधे असतं. त्यामुळे प्रपोर्शनल कंट्रोल, म्हणजे रिमोट जेवढा हलवाल तेवढीच गाडी वळणं आणि धावणं, हवाच. दुकानात तपासायला मिनिट लागत नाही. रिमोटचं चाक अगदी थोडं वळवा. गाडीची पुढची चाकंही तेवढीच थोडी वळली पाहिजेत. मग दुकानदाराला सरळ विचारा, ‘हिचा पुढचा आर्म (चाकाला धरून ठेवणारा दांडा) तुटला तर सुटा मिळेल का?’ उत्तर गोलमाल आलं तर दुसरी गाडी बघा.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात टॉप स्पीड छापलेला असतो आणि मुलं तोच वाचतात. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर. समोर दगड आहे हे लक्षात येऊन बोट हलेपर्यंत अर्धा सेकंद गेला, तरी गाडी पाच मीटर पुढे गेलेली असते. आमच्या रिमोटवर वेग कमी ठेवायचा खटका आहे आणि सुरुवातीचे काही आठवडे गाडी त्याच वेगावर चालवली. नवशिक्याला मी टॉप स्पीडपेक्षा या खटक्याचे पैसे देईन. गाडी आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, आणि नवीन हाताची बहुतेक आपटाआपटी तिथेच होते. कस्तुरचंद पार्कवर सकाळी दोन चपला लांब लांब ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फेरे मारत राहिल्यावर लेकीचा हात बसला.

आता तुटण्याबद्दल, कारण खरी परीक्षा तिथे आहे. जानेवारीत रेशीमबाग मैदानावर गाडी उडी मारून दगडावर उतरली आणि पुढचं उजवं चाक आडवं पडलं. जमलेल्या पोट्ट्यांपैकी एकाने ‘गेली गाडी’ असं जाहीरही करून टाकलं. तुटला होता फक्त खालचा सस्पेन्शन आर्म. दोन आर्मचं पाकीट तीनशे रुपयांच्या आत मिळालं. घरी पेपर पसरून चाकाचा नट काढला, शॉकअपचा खालचा स्क्रू काढला, पण आर्ममधून जाणारी पिन काही निघेना. ‘आई, ही काहून अडकून राहिली?’ पक्कडीने ओढून बाहेर काढली आणि फरशीवर घरंगळवली, तर थबकत थबकत गेली; मधोमध किंचित वाकलेली होती. ती सरळ केली, नवा आर्म बसवला, हाताने वर-खाली करून तो स्वतःच्या वजनाने पडतो ना ते पाहिलं. हे सगळं लेकीने स्वतः केलं, मी फक्त टॉर्च धरून उभी होते. बटणवाली गाडी असती तर त्याच दिवशी माळ्यावर गेली असती. धातूत जाणाऱ्या स्क्रूला निळा थ्रेडलॉक (स्क्रू पकडून ठेवणारा चिकट द्रव) लावा, नाहीतर हादऱ्यांनी तो ढिला होतो. प्लॅस्टिकजवळ मात्र तो नेऊ नका, प्लॅस्टिक तडकतं.

धूळ हा इथला कायमचा त्रास. उघड्या गिअरवर ग्रीस थापलं की त्यावर बसलेली धूळ पॉलिश पेपरसारखी दात खाते. त्यामुळे मैदानावरून आलं की आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडणं, मग बाकीचं. चाकांत प्लॅस्टिकचे बुश (साध्या कड्या) आहेत की बेअरिंग, हे घेतानाच पाहा. आमच्या गाडीत बेअरिंग आहेत आणि चाकं अजून न डुगडुगता फिरतात.

उन्हाळ्यात नियम आणखी कडक केले. एक बॅटरी संपली की मोटरवर बोट टेकवायचं. दोन-तीन सेकंद धरवत नसेल तर पूर्ण थंड होईपर्यंत दुसरी बॅटरी लावायची नाही. स्वस्त ब्रश्ड मोटर जळते ती बहुधा अशीच, लागोपाठ बॅटऱ्या बदलून. लिथियम बॅटरी ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायची असते आणि मे महिन्यात आपल्याकडे सावलीतला पाराच तिथे जातो. म्हणून चार्जिंग रात्री, कूलरच्या खोलीत, फरशीवर, कोणीतरी जागं असताना. बॅटरी स्कूटीच्या डिकीत विसरायची नाही. महिनाभर गाडी चालणार नसेल तर बॅटरी पूर्ण भरून ठेवू नका, ७.६ व्होल्टच्या आसपास ठेवा. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्जिंगला लावायचीच नाही. सोबत आलेली यूएसबी वायर तीन तास घेते. बॅलन्स चार्जर, म्हणजे बॅटरीतले सगळे सेल सारखे भरणारा, वेगळा घ्या.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) आणि मोटरचा कंट्रोलर एकाच सर्किटवर आहेत आणि सर्व्हो, म्हणजे पुढची चाकं वळवणारी छोटी मोटर, पाच वायरींचा. म्हणजे सर्व्हो गेला तर बाजारातला साधा तीन वायरींचा बसत नाही, त्याच साच्याचा शोधावा लागतो. या किमतीत अशाच गाड्या जास्त दिसतात, पण नव्याने घेणाऱ्याने दोन-तीन हजार वाढवून सर्किट वेगळं आणि सर्व्हो तीन वायरींचा असलेली घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जरा मोठी, जोमदार हवी असेल तर डब्ल्यूएलटॉईजची १४४००१ बघा: १:१४ माप, ५५० मोटर, धातूची चॅसी, आणि सुटे भाग भरपूर. पण तिला मोकळं मैदान लागतं. फ्लॅटमध्ये राहता आणि जागा नाही, तर १:२४ चा क्रॉलर घ्या. तो हळू चालतो आणि गाद्या-उशांवर चढतो.

गाडीबरोबरच पुढचे आर्म, एक्सलचे डॉगबोन (चाकांना फिरवणारे छोटे दांडे) आणि एक जास्तीची बॅटरी मागवा. पावसाळ्यात खोक्यावरच्या ‘वॉटरप्रूफ’वर जाऊ नका, सर्किट वाचलं तरी बेअरिंग गंजतात आणि काळ्या मातीचा चिखल आर्मच्या सांध्यात वाळला की सुटता सुटत नाही. आमची गाडी बॅटरी काढून, चाकं अधांतरी राहतील अशी डब्यावर ठेवली आहे. ओल असेपर्यंत ती सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरेल.