मिठाच्या वाऱ्यातली आरआयपी बुशिंग : १८ महिन्यांनंतर

आमचं सबस्टेशन रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्राला लागूनच. १३२ केव्ही ट्रान्सफॉर्मरची जुनी बुशिंग (टाकीतून वीजवाहक बाहेर काढणारे इन्सुलेटर) ओआयपी, म्हणजे आत तेलात भिजवलेला कागद आणि बाहेर चिनी माती. दिवाळीनंतर मिठाचा थर साचत जायचा. मेमध्ये वळवाची रिमझिम आली की रात्री चरचर आवाज आणि निळ्या ठिणग्या. धो धो पावसाचं भय नाही, तो धुऊन काढतो. शटडाऊन घेऊन पुसणं ठरलेलंच. त्यात एका फेजच्या बुशिंगमधलं तेल उतरू लागलं, तेव्हा तिन्ही बदलली.

नवी घेतली ती आरआयपी : कागदात रेझिन मुरवलेलं, वर सिलिकॉन रबर. क्रीपेज, म्हणजे दोन टोकांमधलं पृष्ठभागावरून मोजलेलं अंतर, केव्हीला ३१ मिमी धरून मागितलं; १३२ केव्हीच्या यंत्रणेचा कमाल दाब १४५ केव्ही, त्याला जवळजवळ ४५०० मिमी. किनाऱ्यावर इथे काटकसर नको.

पहिल्या वळवाला माल नवाकोरा होता, त्याचं काय कौतुक! खरी परीक्षा यंदाच्या मेमध्ये झाली. वर्षभराचं मीठ-धूळ अंगावर, तरी आवाज नाही. पाणी अळवाच्या पानावरच्यासारखं थेंबाथेंबाने राहतं. रबरातलं हलकं सिलिकॉन वरच्या मळात झिरपतं, म्हणून मळही भिजत नाही. अजून एकदाही पुसलेलं नाही. फक्त वायरमनला बजावावं लागतं की शिडी टेकवू नकोस, रबर फाटतं.

टॅन डेल्टा (इन्सुलेशनमध्ये वाया जाणाऱ्या विजेचं माप, कमी तितकं चांगलं) बसवताना ०.३४ टक्के, आता ०.३६. कपॅसिटन्स नेमप्लेटशी जुळतो. टेस्ट झाल्यावर टॅपचं, म्हणजे मोजणीसाठी दिलेल्या जोडणीचं, टोपण आठवणीने लावा. त्यानेच टॅप अर्थ होतो, उघडा राहिला तर बुशिंग गेलंच समजा.

आता रडगाणं. चौथं, स्पेअर बुशिंग गोदामात आडवं पडलं होतं. ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बुडणाऱ्या टोकाला कवच नसतं, नुसती सीलबंद पिशवी आणि सिलिका जेल. पिशवी उंदरांनी कुरतडली, कोकणातला पावसाळा आत शिरला. टॅन डेल्टा ०.३३ वरून ०.६१! मर्यादा ०.७, म्हणून कागदोपत्री पास. पण जवळजवळ दुप्पट झालेला आकडा मी ट्रान्सफॉर्मरवर चढवणार नाही. वाळवायला कारखान्यात परत पाठवलं, खर्च आमच्या डोक्यावर. आता ते टोक तेलाच्या डब्यात बुडवून ठेवणार आहे.

आमच्या लातूरच्या युनिटने विचारलं, तर त्यांना ओआयपीच घ्या म्हटलं. तिथे मीठ नाही, आणि गोदामाकडे बघायला माणूसही नाही.