अनाथाश्रमातल्या मुलाचा मामा गोव्यात

'परदेशात जाऊन गरीब मुलांना शिकवा' वाल्यांचा सेमिनार यंदाही आमच्या कॉलेजात झाला, असं चुलतबहिणीकडून कळलं. तोच व्हिडिओ, हिमालयापुढे हसणारी तीच मुलं. तिच्या दोन मैत्रिणींनी नावंही दिली आहेत. म्हणून हे लिहिते आहे.

त्या एजन्सीचं नाव घेत नाही, कारण तक्रार चालू आहे. पणजीत ऑफिस, काचेचं दार, आत गारगार एसी. काठमांडूजवळच्या बालगृहात चार आठवडे राहायचं, मुलांना इंग्रजी आणि चित्रकला शिकवायची, शेवटी सर्टिफिकेट. मी त्यांच्याकडून गेले तेव्हा समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला होते. फी 85,000 रुपये, विमानाचं तिकीट वेगळं. निम्म्याहून जास्त पैसे थेट मुलांच्या जेवणाला आणि शाळेला जातात, असं पत्रकात छापलेलं होतं. बाबांचं गोव्यातल्या साखळी शहराच्या बाजारात छोटं दुकान आहे; त्यांनी मुदतठेव मोडली. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, त्यामुळे कागदपत्रांची कटकट नव्हती. पैसे मात्र एजन्सीच्या खात्यावर न घेता एका माणसाच्या यूपीआयवर घेतले. 'हिशेबाला सोपं पडतं' म्हणे.

आणि पोलिसांचा चारित्र्याचा दाखला? तो कुणी मागितलाच नाही. लहान मुलांच्या घरात रात्रंदिवस राहायला जाणाऱ्या परक्या माणसाकडून! गोव्यात राहणाऱ्यांना यातला धोका समजावून सांगायची गरज नाही. मडगावात निराधार मुलांचं वसतिगृह चालवणाऱ्या फ्रेडी पीट्सला 1991 साली अटक झाली आणि 1996 मध्ये जन्मठेप. परदेशी पुरुषांना तो तीच मुलं पुरवत होता. आपल्याकडे 2003 मध्ये गोवा बाल कायदा झाला, त्याच्या मागे हीसुद्धा जखम होती.

बालगृह दुमजली होतं, बऱ्यापैकी स्वच्छ. फाटकातून आत शिरताच मुलं गळ्यातच पडली. पाहुण्यांना याचं फार कौतुक वाटतं, फोटोही छान येतात. पण दर महिन्याला नवी ताई येणार, लाड करणार आणि निघून जाणार, हे अंगवळणी पडलेली मुलं कुणाच्याही गळ्यात पडतात. आमच्या अभ्यासक्रमातच होतं हे. तिथे ते डोळ्यांनी पाहिलं.

बाकीचे स्वयंसेवक युरोपातले. त्यांना नेपाळी येत नव्हतं, लिपीही वाचता येत नव्हती. मुलांना मात्र टीव्हीमुळे हिंदी छान येत होतं, आणि नेपाळी लिहितात देवनागरीतच. भारतातून कोणी आलं तर मुलांशी बोलून खरं काय ते उघडं पडेल, याचा विचार चालवणाऱ्यांनी केला नसावा. मी गोव्याची म्हटल्यावर एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा खूश होऊन म्हणाला, "मेरा मामा गोवा में है, होटल में." कळंगुट-बागाच्या हॉटेलांत कितीतरी नेपाळी मुलं काम करतात, त्यातलाच कुणीतरी. मग आई-बाबा कुठे, विचारलं. हुम्ला जिल्ह्यात, शेती करतात, एवढं बोलून त्याने दाराकडे पाहिलं आणि गप्प झाला. पाहुण्यांना दाखवायच्या इंग्रजी फाइलमध्ये त्याच मुलापुढे आई-वडील मृत असं टाइप केलेलं होतं. ऑफिसातल्या नेपाळी रजिस्टरमध्ये बापाचं नाव, जिल्हा, वडा म्हणजे वॉर्ड नंबर, सगळं व्यवस्थित.

हा प्रकार तिथे जुना आहे, हे मला नंतर कळलं. हुम्ला हा नेपाळच्या कर्नाली प्रांतातला दुर्गम जिल्हा. 1996 ते 2006 च्या माओवादी संघर्षात तिथल्या आई-बापांनी मुलं वाचावीत म्हणून ती दलालांच्या हवाली केली. दलालांनी चांगल्या शाळेत घालतो सांगून त्यांच्याकडूनही पैसे उकळले. संघर्ष संपला, धंदा राहिला. नेपाळातली बहुतेक बालगृहं काठमांडू खोरं, पोखरा आणि चितवन अशा पर्यटकांच्या भागांतच का, याचं उत्तर यातच आहे. पाहुणे पैसे देतात ते अनाथ मुलांना पाहून. मग मुलं अनाथ करावी लागतात.

माझ्या पैशांचं काय झालं, तेही सांगते. बालगृहाच्या स्वयंपाकीण दिदींनी सहज सांगितलं की एजन्सीकडून बालगृहाला एका स्वयंसेवकामागे 20,000 नेपाळी रुपये मिळतात. म्हणजे आपले 12,500. त्यातही मुलांच्या वाट्याला काय, कोण जाणे. मी साखळीहून नेलेल्या वह्या आणि रंगपेट्या दोन दिवसांत कपाटात कुलूपबंद झाल्या. बूट आधीच तिथे होते, नवेकोरे, मुलं अनवाणी. अनवाणी पाय बघून पाहुण्याचा हात खिशात लवकर जातो.

नेपाळातही मुलांसाठीची हेल्पलाइन आपल्यासारखीच 1098 आहे. तिथे सगळं कळवलं आणि मुदत संपायच्या आधीच निघाले.

परत आल्यावर एजन्सीचं उत्तर तयार होतं: तुम्ही स्वतःहून कार्यक्रम सोडलात, फी परत मिळत नाही. पावती मागितली तर 'देणगी' लिहिलेला कागद पुढे केला, त्यावर नोंदणी क्रमांकही नव्हता.

माझ्या बहिणीच्या मैत्रिणींना मी एवढंच विचारायला सांगितलं आहे: पोलिसांचा दाखला का मागत नाही? या मुलांची घरं शोधून त्यांना परत पाठवायचं काम तुम्ही करता का, आणि गेल्या वर्षी किती मुलं परत गेली? पैसे कुणाच्या खात्यात? सेमिनारमध्ये, सगळ्यांसमोर विचारा. ज्यांनी आधीच भरलेत त्यांनी यूपीआयचे स्क्रीनशॉट, पत्रक, व्हॉट्सॲपवरचे मेसेज, काही पुसू नये. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तरी चालतो. ऑनलाइन पैसे उकळले असतील तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन 1930.

गेल्या आठवड्यात एजन्सीतून बाबांना फोन आला. निम्मे पैसे परत करतो, मुलीला कॉलेजात काही बोलू नको म्हणा. बाबांनी तो आकडा आणि तारीख दुकानाच्या वहीत लिहून ठेवली, आणि मी ते पान तक्रारीला जोडलं आहे.