एचडीएचएमआर बोर्ड: वरून दणकट, कडेला हळवा

कपाटासाठी काय वापरायचं असं साइटवरच्या सुताराला विचारलं तर तो प्लाय सांगतो. मॉड्युलर फॅक्टरीवाल्याला विचारलं तर तो एचडीएचएमआर (जास्त घनतेचा, ओलावा सोसणारा बोर्ड) सांगतो. दोघंही बोलत असतात आपापल्या यंत्राबद्दल, नाव मात्र बोर्डाचं घेतात. छोटा इंटिरियर व्यवसाय चालवणाऱ्याने हा बोर्ड निवडताना आधी एवढंच बघावं: तो कापणार कोण आणि त्याची कड बंद करणार कोण? उत्तर 'पॅनेल सॉ आणि एज बँडिंग मशिन' (शीट कापणारी मोठी करवत आणि कडेला पट्टी चिकटवणारं यंत्र) असेल तर पुढचं वाचा. 'साइटवर, हातकटरने' असेल तर निदान कपाटाच्या बॉक्ससाठी (सांगाड्यासाठी) प्लायच बरा.

निकाल आधीच सांगून टाकतो. शटरसाठी (कपाटाच्या दारांसाठी) पाचपैकी साडेचार. वॉर्डरोबच्या बॉक्ससाठी चार. किचनच्या खालच्या कपाटांना तीन, तेही पाय लावून. सिंकखाली शून्य.

एचडीएचएमआर हे बाजारातलं नाव आहे. अ‍ॅक्शन टेसाने ते आपल्याकडे रुजवलं, आता थोड्याफार फरकाने इतरही कंपन्या तसाच माल विकतात. लाकडाचा बारीक तंतू आणि ओलावा सोसणारी रेझिन एकत्र करून उष्णता आणि दाबाखाली शीट काढतात. म्हणजे घराणं एमडीएफचंच (मध्यम घनतेच्या फायबर बोर्डाचं), पण घनता जास्त, साधारण ८०० ते ८५० किलो प्रति घनमीटर. 'आमचा बोर्ड आयएस ७१० आहे' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. आयएस ७१० हा मरीन प्लायचा निकष आहे, आयएस ३०३ साध्या प्लायचा आणि मध्यम घनतेच्या फायबर बोर्डाचा आयएस १२४०६. दुकानदाराला विचारायचंच असेल तर फॉर्मल्डिहाइडचा (बोर्डातून निघणाऱ्या त्रासदायक वायूचा) वर्ग विचारा, ई-१ की ई-०. उत्तर देता आलं नाही तर शीटवरचा शिक्का बघा.

वजन हिशेबात धरलं नाही की पुढचं बरंच बिघडतं. आठ बाय चारची १८ मिमी शीट ४३ ते ४५ किलोची भरते, त्याच मापाचा चांगला प्लाय साधारण ३२ ते ३८ किलोचा. फरक किरकोळ वाटतो, पण शटरवर दिसतो. सात फूट उंच, दीड फूट रुंद शटर घ्या. नुसता बोर्ड १५ किलोच्या आसपास, दोन्ही बाजूंचं लॅमिनेट धरून साडेसतरा. प्लायचं हेच शटर चौदा किलोचं होतं आणि चार बिजागऱ्यांवर निभावतं. इथे पाच लावा. कोटेशनमध्ये सवयीने चार लिहिल्या तर पाचवीचा खर्च तुमच्या खिशातून जातो आणि लावलीच नाही तर सहा महिन्यांनी शटर खाली उतरून शेजारच्याला घासायला लागतं. मग गिऱ्हाईक बिजागरीच्या कंपनीला नावं ठेवतं.

स्क्रू हा या बोर्डाचा दुसरा स्वभाव. सपाट बाजूत पकड उत्तम आहे, फक्त स्क्रू आधी भोक पाडून बसवायला हवा. बिजागरीच्या साडेतीन मिमी स्क्रूला अडीच मिमीचं भोक. बिजागरीचा कप (आत बसणारी वाटी) ३५ मिमीचा, ड्रिलचा डेप्थ स्टॉप १२ ते १३ मिमीला बांधून घ्या. कडेत मात्र हा माल चिरतो. प्लायमध्ये सुतार ड्रायव्हर लावून थेट स्क्रू ठोकतो आणि चालून जातं. इथे तसं केलं की कड मधोमध फुगते, वर लॅमिनेटला बारीक उंचवटा येतो आणि तो नंतर कशानेही बसत नाही. ४ बाय ५० च्या स्क्रूला ३ मिमीचं भोक, टोकापासून निदान ५० मिमी आत, दोन स्क्रूंमध्ये दीडशे ते दोनशे मिमी. त्यापेक्षा ७ बाय ५० चा कन्फर्मॅट (बोर्ड जोडायचा जाड) स्क्रू बरा: कडेत ५ मिमीचं भोक, सपाट बाजूत ७ मिमीचं. घर बदलताना कपाट उघडावं लागण्याची शक्यता असेल तर डॉवेल (लाकडी खुंटी) आणि मिनीफिक्स (उघडता येणारा जोड). एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात परत धरत नाही. तिथे ८ मिमीचं भोक पाडून लाकडी डॉवेल फेविकॉलने बसवा, रात्रभर वाळू द्या, मग त्यात नवं भोक पाडा. काडेपेटीच्या काड्या कोंबून दोन महिन्यांची सोय होते, त्यापलीकडे नाही.

आता कड. बोर्डाचा वरचा-खालचा थर दाट असतो, मधला त्या मानाने सैल. पाणी तिथूनच आत शिरतं. लॅमिनेट लावलेल्या पृष्ठभागावर ओलं फडकं दहा वर्षं फिरलं तरी फरक पडत नाही, पण उघड्या राहिलेल्या एका कडेला रोज चार थेंब मिळाले की फुगवटा येतो आणि वाळल्यावरही तो पूर्ण उतरत नाही. गिऱ्हाइकाला दिसणारी पुढची कड सगळेच बंद करतात. राहतात त्या न दिसणाऱ्या: बॉक्सच्या बाजूंची खालची कड, मागची कड, पाइपसाठी पाडलेली भोकं, हँडल प्रोफाइलसाठी काढलेली खाच, गॅसच्या नळीची वाट. दिसणाऱ्या कडेला २ मिमीची पट्टी, आतल्या कडांना ०.८, आणि जिथे पट्टी बसत नाही तिथे सीलरचे (छिद्रं बुजवणाऱ्या लेपाचे) दोन हात किंवा सिलिकॉन. ऑर्डर देताना 'चारही बाजू बँडिंग' असं लिहून द्या. नुसतं तोंडी सांगितलं तर फॅक्टरी पुढचीच एक बाजू करते, कारण दर रनिंग फुटावर असतो आणि कमी दराचं कोटेशन त्यातूनच निघालेलं असतं.

पट्टी कोणत्या गोंदाने चिकटवली हेही विचारा. साधा ईव्हीए हॉटमेल्ट (वितळवून लावायचा गोंद) उष्णतेने मऊ पडतो. शेगडीच्या वरच्या कपाटाची खालची कड रोज कुकरची वाफ खाते, अवनाच्या शेजारची कड तापते. पट्टी उचकटते ती नेमकी इथे. या दोन-तीन ठिकाणांसाठी पीयूआर गोंद (उष्णता आणि ओल सोसणारा) मागावा. सगळ्या किचनला पीयूआर लावायला पैसे सुटत नसतील तर एवढ्याच पॅनेलना लावा. डिशवॉशर असेल तर त्याच्यासोबत येणारी, वाफ अडवणारी पट्टी ओट्याच्या खालच्या बाजूला चिकटवायची असते. बसवणारे ती बऱ्याचदा पिशवीतच ठेवून जातात.

आपल्याकडच्या किचनमध्ये आणखी एक अडचण आहे. फरशी पुसत नाहीत, धुतात. त्यामुळे या बोर्डाचा बॉक्स थेट जमिनीवर ठेवणं म्हणजे त्याला वाडग्यात उभं करणं. चार इंची पीव्हीसी पाय आणि समोरून काढता येणारी पट्टी, एवढं हवंच. सिंकखाली आयएस ७१० प्लाय किंवा पीव्हीसी बोर्ड वापरा, तळाला अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे. जुन्या घरात कडाप्प्याच्या पार्टिशनचा ओटा असेल तर फारच छान. तो फोडू नका. आत ट्रॉल्या बसवा, कडाप्प्याला प्लायच्या पट्टीची चौकट फिशर (स्क्रू धरणारा प्लास्टिकचा खुंट) मारून पक्की करा आणि फक्त शटर या बोर्डाची करा. पाण्याशी झुंजायचं काम दगड करतो आणि बोर्डाच्या वाट्याला तो ज्यात हुशार आहे ते काम येतं, म्हणजे सरळ राहायचं.

कारण सरळपणात त्याला तोड नाही. उंच प्लायचं शटर पावसाळ्यात वरच्या कोपऱ्यात अर्धा सूत बाहेर येतं हे प्रत्येक सुताराला माहीत आहे. आतले थर सारखे नसतात, एखादा थर ओला राहिलेला असतो. इथे थरांची ही भानगड नाही. मात्र दोन्ही बाजूंना लॅमिनेट हवंच. बाहेर १ मिमी, आत ०.८ चाललं, पण आत नुसता रंग मारून पैसे वाचवले तर हा बोर्डही कमानीसारखा वाकतो. सीएनसीने (संगणकावर चालणाऱ्या यंत्राने) खाच काढून ड्यूको किंवा पीयू रंग करायचा असेल तर पृष्ठभाग प्लायपेक्षा खूपच साफ मिळतो. फक्त खाचेतला उघडा भाग रंग पितो, म्हणून तिथे सीलर, घासणं, पुन्हा सीलर आणि मगच प्रायमर.

आडव्या फळीला मात्र तो प्लायएवढा ताठ नाही. १८ मिमीची फळी आधाराशिवाय ६०० मिमीपर्यंत ठेवा. तीन फुटांच्या फळीवर पुस्तकं रचली की वर्षभरात मध्ये झोळ दिसतो. पुढच्या कडेला ४० मिमीची उभी पट्टी लावा किंवा २५ मिमीचा बोर्ड घ्या. जाडीच्या घनाने ताठपणा वाढतो, त्यामुळे १८ वरून २५ वर गेलं की तो अडीचपटीहून जास्त होतो.

मापं लिहिताना 'खोली दोन फूट' असं कधीही लिहू नका. शीट १२२० मिमी रुंद असते. दोन फुटांचे दोन तुकडे म्हणजे १२१९ मिमी, आणि ब्लेडच ३ ते ४ मिमी खातं. दुसरा तुकडा बसत नाही, शीट निम्मी वाया. किचनच्या खालच्या बॉक्सची बाजू ७२० बाय ५६० धरा. एका शीटमधून सहा बाजू निघतात, म्हणजे तीन कपाटं, आणि जी ९० मिमीची लांब पट्टी उरते ती वरच्या आडव्या पट्ट्यांना बरोबर लागते.

वॉर्डरोबचं गणित करून दाखवतो, कारण छोट्या व्यवसायाचे पैसे इथेच गळतात. सात फूट उंच, सहा फूट रुंद, तीन-तीन फुटांचे दोन बॉक्स, चार शटर, सहा फळ्या (पुढे वर सांगितलेली उभी पट्टी लावून). चार उभ्या बाजूंना दोन शीट, चार शटरना दोन, वरच्या-खालच्या चार पाट्या आणि सहा फळ्या मिळून दहा तुकडे, पाच-पाच करून दोन. एकूण सहा शीट, शिवाय पाठीला ६ मिमीच्या दोन. गिऱ्हाईक बघतं समोरचं ४२ चौरस फूट, तुम्ही आणता १८ मिमीचाच १९२ चौरस फूट माल. समोरच्या चौरस फुटावर दर देत असाल तर हे साडेचारपटीचं प्रमाण डोक्यात ठेवूनच द्या. खण (ड्रॉवर) वाढवले, फळ्या वाढवल्या तरी समोरचं क्षेत्रफळ तेवढंच राहतं. म्हणून दरासोबत फळ्या आणि खणांची संख्या लिहा, त्यापुढच्याचा दर वेगळा. शटरच्या शीटमधून उरणाऱ्या जवळजवळ एक फूट रुंदीच्या पट्ट्या खणांच्या बाजूंना वापरा, त्या तुमच्या आहेत. आणि हो, हा सगळा माल तीनशे किलोच्या घरात जातो. लिफ्टमध्ये आठ फुटी शीट मावत नाही. चौथ्या मजल्यावर चढवण्याची हमाली कोण देणार ते आधी ठरवा, किंवा माल कापूनच पाठवा.

कापून पाठवणंच चांगलं. दाटपणामुळे ब्लेडची धार लवकर जाते. स्कोअरिंग ब्लेड (आधी खालून रेघ कापणारं छोटं पातं) असलेल्या पॅनेल सॉवर कड काचेसारखी येते, चार इंची हातकटरवर प्रीलॅम (आधीच लॅमिनेट चढवलेल्या) शीटचे टवके उडतात. धूळ पिठासारखी बारीक असते, राहत्या घरात कापलात तर ती पंख्यावर, पडद्यांवर, देव्हाऱ्यात जाऊन बसते. कापणाऱ्याला एन-९५ मास्क द्या, गळ्यातला रुमाल पुरत नाही. एखादं माप चुकलं तर साइटवर तासून जुळवण्याची सोय इथे जवळजवळ नाही, म्हणून माप प्लास्टर आणि फरशी पूर्ण झाल्यावरच घ्या, तेही भिंतीच्या तीन उंचींवर, आणि सर्वांत लहान माप धरा. उरलेली फट भरायला दोन्ही टोकांना ३० ते ५० मिमीची फिलर पट्टी आधीच रेखाटनात ठेवा.

ओल येणाऱ्या भिंतीला, विशेषतः कोकणपट्टीत आणि मुंबईत बाहेरच्या भिंतीला, पाठ टेकवू नका. १० ते १२ मिमी हवा खेळू द्या. वाळवीचंही तसंच. बोर्डावर काहीही छापलेलं असो, भिंतीत वाळवी असेल तर आधी भिंतीवर उपचार. कंपनीची वॉरंटी बोर्डापुरती असते, बदलण्याच्या मजुरीची आणि लॅमिनेटची नाही. हे वाक्य कोटेशनमध्ये गिऱ्हाइकाला वाचता येईल अशा अक्षरात हवं.

नवा दुकानदार किंवा नवी कंपनी घेण्याआधी एक चाचणी पुरे. चार इंची दोन तुकडे मागा. जाडी व्हर्नियरने चारही बाजूंना मोजून तुकड्यावरच पेनने लिहा. एकाच्या कडा उघड्या, दुसऱ्याच्या सीलरने बंद. दोन्ही चोवीस तास बादलीत, वर वजन ठेवून बुडवा आणि परत मोजा. उघडा तुकडा १ मिमीहून जास्त फुगला तर तो माल किचनला नको. मग दोन्ही तुकडे ऑफिसच्या टेबलावर ठेवून द्या. 'चारही बाजू बँडिंगचे जादा पैसे कशाला' असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हातात तेच द्यायचे.