‘फेरेटसाठी सुरक्षित’ म्हणून मला चिकणमाती विकली

९६ डॉलर लिटरचे (पाळीव प्राण्याच्या शौचाच्या पेटीत ओततात ते), ३९२ डॉलर जनावरांच्या डॉक्टरांचे. एकूण ४८८ डॉलर गेले आणि आमचा फेरेट गोट्या (मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी) जाता जाता वाचला. डॅलसच्या आसपास कुणी फेरेट पाळत असाल तर हे पूर्ण वाचा.

विकणारा म्हणाला, “दुकान बंद करतोय, कागदाच्या लिटरच्या तीस पौंडी आठ बॅगा, १२ डॉलरला एक.” पुढचं तुम्हाला माहीतच आहे. दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, पैसे फोनवरून पाठवा, कार्ड नको. मी पाठवले. मी काही नवखी नाही, सात वर्षं फेरेट पाळतेय. गोळा होणारी माती त्यांना चालत नाही हे मला पाठ आहे. ती बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीची असते, ओल लागली की फुगते. मांजर पंजाने उकरतं, फेरेट त्यात नाक खुपसतं, आणि मग ती नाकात जाते, पोटात जाते. म्हणून तर मी कागदाचं शोधत होते! बॅगवर तसं स्वच्छ छापलेलं होतं.

छापलेलं नव्हतं, चिकटवलेलं होतं. हेच मला रात्रंदिवस खातंय. लेबलचा एक कोपरा सुटला होता आणि खाली निळी छपाई दिसत होती. मी काय केलं, तर अंगठ्याने तो कोपरा दाबून परत बसवला. बॅगही नेहमीपेक्षा बरीच लहान, वजन मात्र तेवढंच. विचारलं तर म्हणाला, “नवा बारीक प्रकार आहे, दाबून भरलाय.” कागदाचं बारीक लिटर मिळतंही, म्हणून पटलं. ओतताना पांढरी धूळ उडाली, मला शिंका आल्या, तरी ओततच राहिले.

तिसऱ्या दिवशी गोट्याच्या शिंका थांबेनात. नाकपुड्यांभोवती राखाडी लेप वाळून बसलेला. ओल्या कापसाने पुसला तर कणकेसारखा चिकटायचा. रात्री त्याने खाणं सोडलं. फेरेटने खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्यामुळे सकाळची वाट बघणं शक्यच नव्हतं. तपासणी १३०, एक्स-रे १९०, सलाइन आणि औषधं ७२. आतडं पूर्ण तुंबलं नव्हतं म्हणून ऑपरेशन टळलं.

कुठलंही लिटर आणलं की आधी चमचाभर कोमट पाण्यात टाका. कागदाचा लगदा होतो, मातीचा चिकट गोळा. दोन मिनिटांचं काम, मी केलं नाही.

विकणाऱ्याचा फोन बंद. बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत मिळणार नाहीत. पोलीस म्हणाले, माल मिळाला ना? मग हा दिवाणी वाद. अहो, विष विकलं तरी ‘माल मिळाला’च म्हणणार का? ग्राहक तक्रारीच्या कचेरीत चार पानी अर्ज भरला, फोटो जोडले, डॉक्टरांचं बिल जोडलं. पाच आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं की वैयक्तिक प्रकरणं आम्ही लढवत नाही. मग तक्रारी घेता कशाला? प्रत्येक ठिकाणी ‘फेरेट म्हणजे काय’ इथपासून सुरुवात करावी लागली ती वेगळीच.

सीडर-पाइनच्या लाकडाचा कच्चा भुसाही घेऊ नका, त्यातल्या तेलांनी श्वासाचा त्रास होतो. भट्टीत वाळवलेल्या लाकडी गोळ्या चालतात; शेगडीसाठीच्या घेतल्यात तर पेट घेण्यासाठी काही मिसळलेलं नाही ना ते बघा. मक्याच्या कणसाचं लिटर नको. आणि अनोळखी माणसाला पैसे फक्त कार्डाने, तो कितीही घाई करू दे.

सात बॅगा गॅरेजमध्ये तशाच आहेत. पुरावा म्हणून ठेवल्यात. अजून कुणी बघायलाही मागितल्या नाहीत.