टॉर्क किट वर्षभर वापरल्यावर: पट्टी चांगली, ताणकाटा कामचलाऊ, क्लिपना मात्र माफी नाही

टॉर्क किट म्हणजे बल एखाद्या वस्तूला किती फिरवतं (टॉर्क) हे शिकवायचं प्रयोगसाहित्य. त्यातल्या दोन ताणकाट्यांपैकी (स्प्रिंगने बल मोजणारे काटे) एक आता शून्यावर परत येत नाही. हुकाला काहीही नसताना तो 0.3 न्यूटन दाखवतो. पुरवठादाराला फोन केला तर उत्तर आलं, “सर, स्प्रिंगला गॅरंटी नसते. नवीन घ्या, पाठवून देतो.” पावतीवर ‘एक वर्ष’ असं ठळक छापलंय, पण ते कशाला लागू आणि कशाला नाही हे कुठेच नाही. स्प्रिंग सोडली तर या किटमध्ये बिघडण्यासारखं उरतं काय? लाकूड आणि लोखंड. त्याला गॅरंटी देऊन कोणावर उपकार?

असो. लिहायचं निमित्त ताणकाटा असला तरी खरी तक्रार वेगळी आहे. किट तेच, जे सोलापुरात बऱ्याच क्लासमध्ये आणि ज्युनिअर कॉलेजच्या लॅबमध्ये दिसतं: लाकडी मीटरपट्टी, स्टँड, नाइफ एज (पट्टी टेकवायची धारदार कड), 50 ग्रॅमचे हँगर (वजनं टांगायचे हुक), स्लॉटेड वजनं (खाच असलेल्या चकत्या), दोन ताणकाटे आणि हँगर अडकवायला पट्टीवर सरकणाऱ्या तीन प्लॅस्टिक क्लिप. थेट क्लिपवर येतो.

हँगरवर 50 ग्रॅम कोरलेलं आहे, प्रत्येक चकतीवर वजन कोरलेलं आहे. क्लिपवर काहीच नाही, आणि सोबतच्या माहितीपत्रकातही नाही. डिजिटल काट्यावर ठेवली तर एक क्लिप भरते 21 ग्रॅम. म्हणजे हँगरच्या वजनाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. ही काही सोडून द्यावी अशी रक्कम नव्हे.

माहितीपत्रकातलंच उदाहरण घ्या. पट्टी 50 सेंटिमीटरवर टेकलेली, 20 वर 100 ग्रॅम, दुसऱ्या बाजूला 150 ग्रॅम कुठे लावायचे? टेकूपासूनचं अंतर d धरलं तर 100 × 30 = 150 × d, म्हणून d = 20, उत्तर 70. आता मोकळी पट्टी आधी आडवी करून घेऊन हेच किटवर करून बघा. एका बाजूला प्रत्यक्षात 121 ग्रॅम, दुसऱ्या बाजूला 171. मोमेंट (वजन गुणिले टेकूपासूनचं अंतर, म्हणजेच टॉर्क) 121 × 30 = 3630, त्याला 171 ने भागलं की 21.2. पट्टी आडवी होते ती 71.2 वर. 20 सेंटिमीटरच्या अंतरात 1.2 ची चूक म्हणजे 6 टक्के. “दोन्हीकडे सारखीच क्लिप आहे, मग कटेल की” असं मुलं हमखास म्हणतात. कटत नाही. एका बाजूला 21 × 30 = 630, दुसऱ्या बाजूला 21 × 20 = 420. वजन सारखं असून भागत नाही, अंतरही सारखं लागतं. टॉर्क म्हणजे काय हे शिकवणाऱ्या वस्तूनेच ही गोष्ट लपवावी, याचा मला मनापासून राग आहे. पुढे काय होतं हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे: वहीत 70 लिहिलं जातं आणि पट्टीने सांगितलेलं 71.2 खोडलं जातं.

क्लिपचे आणखी दोन दोष. घट्ट करायचा स्क्रू एका बाजूला बाहेर येतो, त्यामुळे क्लिपचा स्वतःचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे लागतं ती जागा) हुकाच्या रेषेत राहत नाही. आणि स्क्रू जास्त आवळला की लाकडावर खळगा पडून मिलिमीटरच्या रेघा पुसतात. आमच्या पट्टीवर 20, 30 आणि 70 च्या आसपास आता अंदाजानेच वाचावं लागतं.

उपाय फुकटात आहे आणि सोलापुरात त्याला तोटा नाही: सूत. जाड सुती दोरा पट्टीभोवती घट्ट बांधा, गाठ खालच्या कडेला येऊ द्या आणि हँगर त्या गाठीखाली टांगा. वजन एक ग्रॅमही भरत नाही. दोरा सैल ठेवून नुसता वरच्या कडेवर अडकवू नका. तसं केलं की वजन प्रत्यक्षात वरच्या कडेवर लागतं, ती जागा पिव्हटच्या (पट्टी ज्यावर फिरते त्या खिळ्याच्या) भोकाच्या वर येते आणि पट्टी समतोल न साधता एकदम उलटते. घसरू नये म्हणून दोऱ्यावर सेलोटेपचा बारीक तुकडा लावला की झालं.

आता पट्टीबद्दल. इथे माझं मत वर्षभरात पूर्ण फिरलं आहे. पहिल्यांदा मोकळी पट्टी पिव्हटच्या खिळ्यावर अडकवली की ती जवळपास 39 अंशांत कलून थांबते, आणि माल खराब आला असंच वाटतं. परत पाठवावी इतपत. पण हिशेब केला की दोष किरकोळ निघतो. भोक 50.0 वर आहे, गुरुत्वमध्य 50.4 वर. पट्टीचं वजन 118 ग्रॅम, म्हणजे नको असलेला मोमेंट 118 × 0.4, सुमारे 47 ग्रॅम-सेंटिमीटर. भोक मधल्या रेषेच्या फक्त 5 मिलिमीटर वर पाडलंय, त्यामुळे पट्टीला सरळ आणणारा आधार 118 × 0.5 = 59 इतकाच. 47 भागिले 59 म्हणजे 0.8, आणि ज्याचा टॅन्जंट 0.8 तो कोन 39 अंशांच्या आत-बाहेर. फरक 4 मिलिमीटरचा, दिसतो मात्र भयंकर.

दुरुस्तीला रुपया लागतो, तोही परत मिळतो. 2011 च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं 3.79 ग्रॅमचं आहे. 47 ला 3.79 ने भागा, 12.4 येतं. नाण्याचा मध्य हलक्या बाजूला, म्हणजे 37.6 सेंटिमीटरवर, येईल असं टेपने चिकटवा. पट्टी आडवी राहते. तुमच्या पट्टीचे आकडे वेगळे येतील, रीत हीच. नंतरच्या मालिकेतलं नाणं लहान आणि हलकं आहे, तेव्हा काट्यावर ठेवून बघा.

पण मी आता सगळ्यांनाच नाणं लावू देत नाही. तो 0.4 चा फरक हेच या किटमधलं सगळ्यात मोलाचं शिक्षण आहे. पट्टीला स्वतःचं वजन असतं आणि ते एका ठरावीक जागी लागतं, हे वाक्य गणितात कायम विसरलं जातं. प्रयोग असा: आधी नाइफ एजवर रिकामी पट्टी तोलून गुरुत्वमध्य शोधा, 50.4. मग टेकू 40 वर न्या आणि 100 ग्रॅम दोऱ्याने टांगून सरकवत राहा. समतोल 27.7 च्या आसपास येतो. पट्टीचं वजन M धरलं तर 100 × 12.3 = M × 10.4, म्हणजे M = 118 ग्रॅम. गुरुत्वमध्य 50 धरला असता तर 123 आलं असतं. काट्यावर पट्टी ठेवली की कोण बरोबर ते समोर दिसतं. ज्या मुलाने हे एकदा केलं, तो ‘एकसमान दांडा’ आणि नुसता ‘दांडा’ यातला फरक प्रश्नात वाचल्याशिवाय पुढे जात नाही.

नाइफ एजवर पट्टी टिकत नाही अशी तक्रार ऐकू येते. टिकणारच नाही, गुरुत्वमध्य टेकूच्या वर असतो, समतोल अस्थिर असतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच नंदीध्वज पेलणारा पावलं सतत काठीच्या गुरुत्वमध्याखाली नेत राहतो, तेच इथे आहे. पट्टी डावीकडे पडते ती जागा आणि उजवीकडे पडते ती जागा अशा दोन्ही नोंदवा आणि मधली घ्या.

पुन्हा ताणकाट्याकडे. दोन आधारांच्या गणितासाठी तो लागतोच. पट्टी 10 आणि 90 वर दोन ताणकाट्यांना टांगायची, 30 वर 200 ग्रॅम. 10 वरच्या बिंदूभोवती मोमेंट घ्या, तिथली प्रतिक्रिया (ताणकाट्याचं वर ओढणारं बल) आपोआप गळते. 90 वरची प्रतिक्रिया R धरली तर R × 80 = 118 × 40.4 + 200 × 20, म्हणून R सुमारे 109.6 ग्रॅम-भार, म्हणजे 1.07 न्यूटन. दुसरीकडे 318 वजा 109.6, म्हणजे 2.04 न्यूटन. चांगला ताणकाटा 1.1 आणि 2.0 दाखवतो, एकदम चोख. आता 0.3 ची शून्यचूक असलेला ताणकाटा हलक्या बाजूला लावा: 1.07 वर 28 टक्के चूक.

अशा ताणकाट्याची आधी परीक्षा घ्या. 100, 200, 300 ग्रॅम टांगा, 0.98, 1.96, 2.94 यायला हवं. तिन्ही ठिकाणी सारखंच 0.3 जास्त येत असेल तर वजा करून खुशाल वापरा, स्प्रिंग फक्त कायमची लांबली आहे. फरक वजनाबरोबर वाढत असेल तर तो बाद समजा. ताणकाटा उलटा टांगला की त्याच्या नळीचं वजनही मोजलं जातं, आणि आडवा धरला की शून्य सरकतं. तिरकं खेचायच्या प्रयोगात शून्य त्याच कोनात धरून तपासा. मुलं दोन बाजूंनी ओढून जोर आजमावतात, 5 न्यूटनची स्प्रिंग त्यातच जाते. वापर झाला की कपाटात.

गणित सोडवण्याच्या बाबतीत या किटने एक सवय चांगली लागते. आकृतीत सगळी बलं काढायची, पट्टीचं वजन धरून, आणि जिथून जास्तीत जास्त अज्ञात बलं जातात तोच बिंदू मोमेंटसाठी निवडायचा. तपासायला दुसऱ्या बिंदूभोवती मोमेंट घ्यावा, पण तिथून नवीन समीकरण मिळालं असं समजू नये. एका प्रतलात स्वतंत्र समीकरणं तीनच. चौथं लिहिलं की शेवटी 0 = 0 येतं आणि पोरं अर्धा तास चूक शोधत बसतात. महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीत रोटेशनल डायनॅमिक्स (फिरणाऱ्या वस्तूंची गतिकी) पहिलाच धडा आहे. अकरावीतलं टॉर्क, कपल (बलयुग्म) आणि समतोल कच्चं राहिलं तर तिथे पहिल्याच आठवड्यात दम लागतो.

भिंतीला टेकवलेली शिडी किती कलली की घसरते, हे शिडीचं गणितही याच पट्टीवर होतं. भिंत गुळगुळीत धरली आणि जमिनीचं μ (घर्षणगुणांक) 0.4 असलं तर, पट्टीचा जमिनीशी कोन θ धरून, tan θ = 1/(2μ) = 1.25, म्हणजे 51 अंश. पट्टीचा पाय भिंतीपासून 62 सेंटिमीटरपर्यंत टिकतो. रंगवलेल्या भिंतीला टेकवली तर ती त्याहून लांब टिकते, कारण भिंतीचं घर्षणही धरतं. तिथलंही μ 0.4 असेल तर 69 पर्यंत. भिंतीवर लॅमिनेटचा तुकडा चिकटवा म्हणजे उत्तर पुस्तकाच्या जवळ जातं.

सगळ्यात जास्त रंगतं ते मागाचं गणित. पूर्व भागातली अनेक मुलं यंत्रमागाच्या घरातली असतात, त्यांना बीमला (ताण्याचे, म्हणजे कापडाचे उभे धागे गुंडाळलेल्या रुळाला) ब्रेक लावणाऱ्या दांड्यावर टांगलेलं वजन ठाऊक असतं. ताणा सुटत जातो तशी बीमची त्रिज्या कमी होते, ब्रेकचा टॉर्क मात्र तोच राहतो, म्हणून ताण वाढतो आणि धागे तुटू लागतात. म्हणून वजन टेकूकडे सरकवायचं. किती? 10 किलोचं वजन 40 सेंटिमीटरवर, भरलेल्या बीमची त्रिज्या 20, संपत आलेल्याची 8. सरळ प्रमाणाने 40 × 8/20 = 16 सेंटिमीटर. पण दांडा स्वतः 2 किलोचा आणि त्याचा गुरुत्वमध्य 25 वर असेल तर सुरुवातीचा मोमेंट 400 + 50 = 450. शेवटी हवा 180, त्यातले 50 दांड्याचे, उरले 130, म्हणजे वजन 13 वर. 16 वर ठेवलं तर ताण सुमारे 17 टक्के जास्त. जॉबर (माग जुळवणारा कारागीर) हे हाताने ताणा दाबून ओळखतो. आपल्या मुलांना ते कागदावर यायला हवं. किटवर याची नक्कल पट्टी, दोरा आणि स्टँडच्या नळीवर गुंडाळलेली चेन एवढ्यात होते.

नवीन घेत असाल तर संपूर्ण किट घेऊ नका. लाकडी मीटरपट्टी, दोन हँगर आणि चकत्या सुट्या मिळतात, स्टँड लॅबमध्ये असतोच, पिव्हटला 3 मिलिमीटरचा खिळा चालतो. भोक स्वतः पाडा, मधल्या रेषेच्या 5 मिलिमीटर वर, ड्रिल काटकोनात धरून. ताणकाटा दुकानातच तीन वजनांवर तपासून घ्या आणि गॅरंटी कशाची ते पावतीवर लिहून मागा. क्लिप नकोतच. कोणी सोबत दिल्याच, तर काट्यावर ठेवून प्रत्येकीचं वजन मार्करने तिच्यावरच लिहा.